मापाची बाही

थोरली उद्या नोकरीवर रुजू होणार, म्हणून शिवणकाम करणारी आई तिचे जुने साधे शर्ट उसवून नव्यासारखे करत बसली होती. थोरलीचा डावा हात जन्मतःच कोपरापर्यंत होता. आई दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या मापानं शिवायची आणि डावी खिशात खोचून टाचायची. आज थोरलीनं डाव्या कोपरानं कापड दाबून धरलं आणि ती रिकामी बाही सरळ कापून टाकली.

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची असते," आई कळवळून म्हणाली.

"मूठच नाही, तर झाकायचं काय? तू फक्त टीप नीट घाल."

आईला हसू फुटलं. तिनं गळ्यातली टेप काढली आणि लेकीच्या डाव्या हाताचं माप घेतलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच.