लोकरीचा गुंडा

"महारोग असंल तर तोंडावर सांगा, कुजबुजू नका!" ठकूबाईनं डॉक्टरीणबाईंना दरडावलं. मागं सून बोट पदरात लपवून उभी होती. बोटावर फोड चिघळला, तसं सासूनंच तिचं ताट वेगळं केलं होतं. आता भावकी तिला माहेरी धाडायला निघाली होती.

डॉक्टरीणबाईंनी फोटो पुढं केला. "फोडाची खपली तपासायला पाठवली होती ना? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये हा विषाणू सापडला."

जन्मभर मेंढरांमागं चालत लोकर कातलेल्या ठकूबाईनं फोटो डोळ्यांशी नेला. "अगं बया, ह्यो तर लोकरीचा गुंडा!"

"दिसतो तसाच. मेंढरांचाच आहे तो, आजी. कोकरांची तोंडं फोडांनी भरतात ना?"

"त्यो तर मावा रोग! आमची कोकरं पडून होती, तवा हिनंच बोटानं दूध चाटवून जगवली."

"तोच बोटाला लागला. महारोग नव्हे, आपसूक बरा होईल."

पालावर येताच ठकूबाईनं ते वेगळं ताट कुत्र्यापुढं सारलं, सुनेला आपल्या ताटावर ओढलं आणि भावकीला ऐकू जाईल अशी गरजली, "जेव गं! कोकरांचं दुखणं अंगावर घेणारीला कोण माहेरी धाडतंय, बघतेच मी!"