हलका हात

हवालदाराने आणलेल्या माणसाचा तिने आधी हात पाहिला. रक्त घेणाऱ्यांची ती सवयच असते; चेहरा नंतर. शिरा जवळजवळ उरल्याच नव्हत्या, टोचून टोचून काळ्या पडलेल्या गाठी तेवढ्या होत्या. आणि मनगटाच्या वर इस्त्रीचा जुना चटका. तो तिच्याच हातून बसला होता, दोघं शाळेत असताना.

तिने वर पाहिलं. त्याने तिला केव्हाच ओळखलं होतं. तो जमिनीकडे बघत बसला होता.

"पावडरवाला आहे," हवालदार म्हणाला. "खिशात पुडी सापडली."

हवालदार नेहमीचा होता. घरचं कोणी हमी द्यायला आलं तर साहेब याला व्यसनमुक्तीच्या वॉर्डात पाठवायला तयार आहेत, नाही तर आज कोठडी आणि उद्या कोर्ट, असं त्याने सांगितलं. मग हसून म्हणाला, "पण तुम्हीच म्हणता ना मॅडम, यांना औषध कसलं, चार रट्टे द्यायला हवेत."

म्हणाली होती ती. चहा पिता पिता, एकदा नव्हे, दहादा. लोकांच्या पोरांबद्दल बोलायला काय जातं?

आता एवढंच बोलायचं होतं की हा माझा भाऊ आहे. तिला सासरचं आडनाव होतं, त्यामुळे हवालदाराला शंका यायचं कारण नव्हतं. या विचाराने तिला हायसं वाटलं. हायसं वाटलं याची लाज वाटली.

तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला. या लॅबमध्ये तिचा हात हलका म्हणून नाव होतं, लहान मुलंसुद्धा तिच्यापुढे निमूट हात करायची. चाचपून चाचपून एक शीर सापडली. तिने स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या ओल्या जागेवर हळूच फुंकर मारली.

पलीकडच्या टेबलावरची मैत्रीण हसायलाच लागली. "अगं, फुंकर काय मारतेस? नव्या मुलींना यावरून किती झापतेस तू!"

खरंच होतं ते. पुसलेल्या जागेवर फुंकर मारली की सगळं केलेलं वाया, हे तिनेच प्रत्येकीकडून घोकून घेतलं होतं. तिने दुसरा बोळा घेतला. चटका बसला त्या दिवशी, आई घरी येईपर्यंत, ती त्याच्या हातावर अशीच फुंकर मारत बसली होती.

मैत्रीण गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "लक्ष कुठंय तुझं आज? भाऊ येतोय वाटतं बोटीवरून. येताना माझी सेंटची बाटली विसरू नकोस म्हणावं."

सुई शिरेत होती. त्याचा हात जरासुद्धा हलला नाही.

दोन वर्षं ती सगळ्यांना हेच सांगत आली होती. भाऊ बोटीवर असतो, मोठी नोकरी आहे, सुट्टी म्हणून मिळत नाही. एका थापेला दुसरी जोडत तिने त्याला सातासमुद्रापार पाठवून दिलं होतं. आता ते त्यालाही कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

नळी भरली. तिने सुई काढली आणि बोळा दाबून धरला. रक्त थांबलं तरी ती दाबूनच होती.

"चल," हवालदार त्याला म्हणाला. "शेवटचं विचारतो. घरचं कोणी आहे का तुझं? नसेल तर विषय संपला."

बोलायचं, असं तिने ठरवलं. अगदी नक्की ठरवलं, श्वाससुद्धा घेतला.

त्याने तिच्या हाताखालून आपला हात अलगद सोडवून घेतला. बोळा स्वतःच धरला आणि उठला.

"एक बहीण आहे, साहेब," तो म्हणाला. "पण ती बोटीवर असते."