लाइन नंबर चार

भावनाच्या दारात उभं राहून यादोराव सरांनी पिशवीतून एक जुना कागद काढला, पुन्हा आत ठेवला आणि मगच कडी वाजवली.

आंधळगावाहून चिखल्याला ते दोन गाड्या बदलून आले होते. खाणीच्या वसाहतीत लाइनीमागून लाइनी, सगळ्या सारख्याच, सगळ्यांच्या छपरांवर तीच काळी धूळ. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सर चौथ्या लाइनीत वळले आणि सहाव्या दारापाशी थांबले होते.

दार उघडलं. चाळिशी ओलांडलेली बाई, हात पिठाचे. दोन क्षण पाहत राहिली, मग तिनं मनगटानं पदर सावरला.

"सर? तुमी?"

त्या बुटक्या चौकटीवर नवा माणूस हमखास कपाळ आपटतो. सर वाकून आत आले.

"घर सापडलं बरोबर?"

"विचारत विचारत आलो."

तिनं चटई अंथरली, पाणी दिलं, चहा ठेवला. सरांनी कागद काढून तिच्यापुढे धरला. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची उत्तरपत्रिका, घड्यांवर विरलेली. वर कोवळ्या अक्षरात नाव: भावना मंगरू.

तेव्हा ती मामाकडे राहून सरांच्या शाळेत सातवीत शिकत होती. भंडाऱ्याच्या वसतिगृहासाठी शाळेतून एकाच मुलीचं नाव जायचं, त्यासाठी परीक्षा होती. शेवटचा प्रश्न सरांच्या आवडीचा. एक साधा इंग्रजी शब्द द्यायचा आणि त्याचे पाच अर्थ वाक्यांसह लिहायला लावायचे. त्या वर्षी शब्द होता लाइन. भावनानं रेघ लिहिली, रांग लिहिली, कवितेची ओळ लिहिली, रेल्वेचा रूळ लिहिला. पाचवं वाक्य होतं, 'वुई लिव्ह इन लाइन नंबर फोर.' त्यावर लाल शाईची फुली होती आणि खाली सरांच्या वळणदार अक्षरात शेरा: लाइन म्हणजे घर नव्हे.

एका गुणानं तिचं नाव हुकलं. जागा मिळाली ती सरांच्याच मुलीला, मेघाला.

"परवा मोठी डिक्शनरी चाळत होतो," सर म्हणाले. "त्यात हा अर्थ निघाला. कामगारांच्या घरांची रांग. मला ठाऊक नव्हतं, भावना. तुझं उत्तर बरोबर होतं."

हे वाक्य त्यांनी गाडीत कितीदा तरी जुळवलं होतं. त्याच्या पुढचं एक वाक्यही जुळवलं होतं, पण ते घशातच राहिलं.

भावनानं कागदावर हात फिरवला. फुलीवर तिचं बोट थोडं थांबलं.

"मामानं धाडून देलं मंग मले. म्हणे, नाव नाई लागलं तं इथं कायले ठेवू. सतराव्या वर्सी लगन झालं, नवराबी खाणीतलाच, मंग बाबाच्याच घरी राहिलो." ती कागदाशीच बोलत होती. "आता शाळेत खिचडी शिजवून राहिली. पोरं इंग्रजी म्हणते ना, तं हात थांबते माहा."

बूंद से गई, ती हौदानं येत नाही म्हणतात, आणि ते तर नुसता एक कागद घेऊन आले होते.

"एक सांगू, सर? मले त्या गुणाचं एवढं नोतं वाटलं. आपण राहतो त्याले घर म्हटलं, अन् सर म्हणते हे घर नव्हे. मी लय दिवस घराकडं पाहत राहो. वाटे, आपलं घर घरच नसन."

सरांनी डोळे मिटून घेतले. आयुष्यभर ज्या वळणदार अक्षराचं कौतुक झालं, त्याची त्यांना मनापासून लाज वाटली.

त्यांचं तोंड उतरलेलं पाहून भावनाच हसली. "जाऊ द्या. त्या शबदानं अजूनबी पिच्छा नाई सोडला. लाइन गेली का पंखा बंद. नळावर गेलं तं लाइन लावा. पोट्टे पोरीवर लाइन मारते. माह्या पोरीले मीच सांगतो, पाच कायले, दहा लिही." मग विचारलं, "मेघा कशी हाय?"

"पुण्यात असते. कॉलेजात शिकवते." सर अडखळले. "इंग्रजीच."

"हुशारच होती थे."

तिनं चहा पुढे केला. सरांनी कप हातात घेतला.

"मला माफ करशील?"

"आता बुढापा आला तुमचा, कायले जीव जाळता? तुमाले मालूमच नोतं. मालूम राहून फुली मारली असती, तं या दारात उभं नसतं केलं मी. नाई मालूम, त्यात माणसाचा काय दोष?"

सर काहीतरी बोलणार होते. पण माफी हातात आली होती आणि ती परत करायचं बळ त्यांच्यात नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि चहाचा घोट घेतला.

"बसा. बाबा येतेच आता. झाडाखाली पत्ते खेळाले गेले. लय बोलतो मी तुमच्याबद्दल त्याइच्यापाशी. कधी भेट नाई झाली तुमची."

"नको, गाडी चुकेल," सर लगबगीनं उठले. चहा अर्धा तसाच राहिला.

पण मंगरू दारातच भेटला. बाहत्तरीचा वाळका म्हातारा, काठी टेकत आलेला.

"बाबा, हे माहे सर. आंधळगावचे, इंग्रजीचे. अठ्ठावीस वर्सांनी चूक कबूल कराले आले. कोन येते एवढ्या दूर?"

सर खाली वाकून चपला शोधत राहिले. समोरच होत्या, तरी सापडेनात. मंगरू जवळ आला. त्यानं सरांचा दंड धरून त्यांना उभं केलं, तोंडाकडे, हनुवटीवरच्या जुन्या वणाकडे निरखून पाहिलं आणि त्याच्या बोळक्या तोंडावर हसू पसरलं.

"सर कायचे वो पोरी? हा तं श्रावणकाकाचा यादो. आपल्या बाजूच्याच घरात जलमला, बारा वर्सांचा होईस्तोवर याच लाइनीत राहिला."