किती मिनिटांचा बॅकअप?

“घरच्या कॉम्प्युटरला युपीएस हवाय,” यज्ञेश्वरकाका म्हणाले.

“किती मिनिटांचा बॅकअप पाहिजे?” दुकानदारानं विचारलं.

“मुलीला ‘येते’ म्हणता येईल, एवढा.”

दुकानदाराला काही कळेना. काका म्हणाले, “भांडून बेंगळुरूला गेली, तेव्हा ‘येते’ नाही म्हणाली, ‘जाते’ म्हणाली. आता शनिवारी व्हिडिओ कॉल करते. पण निरोप घ्यायच्या आतच लाईट जाते.”

“मग राउटरपण यालाच जोडा, काका. नाहीतर कॉम्प्युटर चालू राहील अन् नेट जाईल.”

शनिवारी लाईट गेलीच. युपीएस टीं टीं करू लागला, पण पडद्यावरून स्वरदा गेली नाही.

“कसला आवाज येतोय, बाबा?”

“काही नाही गं. तू बोल.”

“बरं, ठेवते आता.” ती जरा घुटमळली. “येते, बाबा.”

काकांनी धीर करून विचारलं, “कधी?”

ती हसली आणि तिनं सांगून टाकलं.

तेवढ्यात मिक्सर बंद पडल्यामुळे वैतागलेल्या उत्तराकाकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, “अहो, येते कधी आता?”

“दिवाळीला!”