शून्याचं बटण

आमच्या गव्हाच्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठारावर, कल मोजणारा सेन्सर बसवून नऊ दिवस झाले होते. रोज सकाळी तो पूर्वेकडे एक अंश कल दाखवायचा आणि आमचा फोरमन क्लेम बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा.

"क्लेम, असं पुसून कसं चालेल? तो खरंच कलत असला तर?"

"ॲडलेडचं यंत्र आहे पोरी, उन्हानं चळलंय. डिसेंबरची कापणी आली, गहू कोण भरणार? तुझी मावशी?"

आज मात्र मला राहवेना. नऊ दिवसांचे नऊ अंश. इतका कललेला सायलो केव्हाच कोसळला असता. ओळंबा घेऊन मी वर चढले आणि भिंतीलगत सोडला. दोरी भिंतीला तंतोतंत धरून होती. सायलो अगदी सरळ होता.

हायसं वाटून मी खाली पाहिलं. भर उन्हात सगळे कामगार चहाला जमले होते. आठही माणसं पूर्वेकडे कलून उभी होती, सगळी एकाच मापाने, आणि कुणाचाही तोल जात नव्हता.

क्लेमने मान वर केली.

"ए, तिरकी काय उभी आहेस?"

कुणीच हसलं नाही. क्लेम शिडीला हात घालून म्हणाला, "थांब तिथेच. तुलाही शून्यावर आणतो."