लेकीनं तपासलेल्या गोळ्या

हिंजवडीत कंपनीची बस चालवणारे महिपती नशेच्या तपासणीत सापडले, हे कळताच त्यांच्या लेकीला, उत्कर्षाला, त्यांच्या गोळ्यांची डबी आठवली. गुडघेदुखीवर बाबा भांगेच्या बियांच्या तेलाच्या गोळ्या घेत होते आणि त्या तिच्याच कारखान्यात बनत. डबीवर ‘नशारहित’ असं छापलेलं असलं, तरी या खेपेच्या मालात गांजातलंच नशेचं द्रव्य निघालं होतं. मालकांनी दम दिला, म्हणून तपासनीस उत्कर्षानं तो माल पास केला. बाबांनी मात्र दुकानातून हौसेनं तीच डबी आणली, आपल्या लेकीनं तपासलेली म्हणून!

घरी तिनं रडत रडत बाबांना सगळं सांगितलं.

आज बस कंपनीच्या साहेबांनी महिपतींना आणि सोबत आलेल्या उत्कर्षाला समोर बसवलं. "महिपतराव, इतक्या वर्षांत तुमची एक तक्रार नाही. काही गोळ्या-बिळ्या घेत असाल तर सांगा, नोकरी वाचेल."

खरं सांगितलं तर आपण तुरुंगात, गप्प राहिलो तर बाबा घरी. उत्कर्षानं शेवटी तोंड उघडलं, "साहेब, त्या गोळ्या..."

महिपतींनी तिचा हात घट्ट दाबला.

"गोळ्या कसल्या, साहेब? गांजा ओढतो मी."