दहावं मुखपृष्ठ

नववं मुखपृष्ठही परत आलं तेव्हा चित्रकार बाईंनी पेन्सिल टेबलावर आपटली. आपटली म्हणजे हळूच ठेवली, कारण समोर मालक बसले होते.

"अजून पोरकट दिसतंय," मालक म्हणाले.

पुस्तक पोरांचंच होतं. 'अस्वलाचा रुसवा', चोवीस पानं, पानावर ठळक टायपात दोनच ओळी. पण मालकांच्या डोक्यात आलं होतं, ते मोठ्या माणसांसाठी काढायचं. आतलं काही बदलायचं नाही, फक्त कव्हर असं हवं की माणसाला ते चारचौघांत हातात धरता यावं. बाईंनी अस्वल उडवलं, फुगा उडवला, पिवळा रंग पुसला. आता उडवायला काही शिल्लक नव्हतं, तरी मालकांचं समाधान होईना.

बाईंना इथे लागून सहा महिने होत आले होते. हे कव्हर पसंत पडलं तर नोकरी कायम, नाही तर नमस्कार. घरी त्यांनी नवऱ्याजवळ वैताग काढला. तो म्हणाला, मोठी माणसं अस्वलाचं पुस्तक घेतीलच कशाला?

बरं, मालकांना पुस्तकांतलं कळत नाही म्हणावं, तर तसंही नाही. तीस वर्षं ही प्रकाशनसंस्था त्यांनीच चालवली होती. आलेलं प्रत्येक हस्तलिखित ते कारकुनाकडून मोठ्याने वाचून घेत, डोळे मिटून ऐकत आणि गोष्ट नेमकी कुठे घसरली ते सांगत. पुस्तक आधी कानाला पटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. भलेभले लेखक त्या कानाला टरकून असत. मग एका कव्हरपाशीच घोडं का अडावं, या विचाराने बाईंचं डोकं उठलं होतं.

दहाव्या वेळी त्यांनी सगळीकडे करडा रंग फासला आणि मधोमध एक रेघ ओढली. नावाच्या जागी रागाच्या भरात टाइप केलं, 'मालकांना काही कळत नाही'. छापून बघितलं, जरा बरं वाटलं. मग खरं नाव घालून दुसरा कागद काढला. दोन्ही कागद एकाच फोल्डरमध्ये गेले, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

मालकांनी फोल्डर उघडलं आणि नेमका तो रागातला कागद उचलला. बाईंनी घाईघाईने दुसरा कागद पुढे सरकवला, पण मालकांचं तिकडे लक्ष नव्हतं.

त्यांनी हातातला कागद लांब धरला, छातीशी धरला, काखेत घेऊन दारापर्यंत चालून आले.

"हेच," ते म्हणाले. "भारदस्त दिसतंय. उद्यापासून तुम्ही कायम."

हा टोमणाच, असं बाईंना वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी चाचरत विचारलं, प्रती किती छापायच्या.

"एकच."

मालकांनी दार लावलं आणि आपली खुर्ची बाईंच्या शेजारी ओढली.

"नऊ वेळा बदलायला लावलं, पण एकदाही तुमचा आवाज चढला नाही. असंच माणूस हवं होतं मला."

त्यांनी कागद दोघांच्या मधे ठेवला आणि नावाच्या पहिल्या अक्षरावर बोट टेकवलं.

"सावकाश सांगा. हे कोणतं?"